दीड मिनिटाचा केक, डाळव्याचा

सिलिअॅक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन न सोसण्याचा आजार, असलेल्या मुलाला दिवाळीत करंजी चालत नाही, शंकरपाळी चालत नाही. अनारसे चालतात, कारण ते तांदळाचे आणि गुळाचे. पण घरात कुणाचा वाढदिवस आला की अनारशावर मेणबत्ती कशी लावणार? आहारतज्ज्ञ म्हणून छत्रपती संभाजीनगरात काम करताना आया मला हेच विचारतात. त्यातल्या काहींच्या मुलांना दूधही सोसत नाही.

मी त्यांना मायक्रोवेव्हमधल्या केकसाठी डाळवं घ्यायला सांगते. चिवड्यासाठी ते घरात आलेलंच असतं. मायक्रोवेव्हमध्ये पदार्थातलं पाणी तापतं आणि तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं, त्यामुळे काही खरपूस होत नाही. कच्च्या बेसनाचा केक केला तर तो दीड मिनिटात फुगतो खरा, पण कच्चट लागतो. खमंगपणा आधीच आणावा लागतो, आणि डाळवं तर भाजूनच येतं. शिवाय ते मिक्सरमध्ये दळता येतं. ही सोय वाटते त्याहून मोठी आहे.

कारण आपल्याकडे खरा घोळ गिरणीत होतो. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून मराठवाड्यातल्या माणसाला वाटतं की भाकरी खाल्ली की सुटलो. पण गव्हाच्या दळणामागून त्याच गिरणीत ज्वारी पडली, तर पिठात गहू येतोच. आपल्या कायद्यानुसार ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. गिरणीत उडणारं पीठ ही मर्यादा सहज ओलांडतं. सिलिअॅकच्या घरात घरघंटी असावी, आणि तिच्यात गहू कधीच पडू नये. हिंगाचंही तसंच. बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, डबीवरचं बारीक अक्षर वाचावं.

आता केक. मोठ्या मगमध्ये तीन मोठे चमचे डाळव्याचं पीठ, एक चमचा भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, दोन चमचे किसलेला गूळ, वेलदोडा आणि चिमूटभर खायचा सोडा. त्यात एक अंडं, चमचाभर तेल, तीन चमचे पाणी आणि लिंबाचे चार थेंब. आंबटपणाशिवाय सोडा नीट फुगत नाही आणि तोंडात साबणासारखी चव राहते. मग निम्मा रिकामा राहू द्या. सोनेरी काठाचा किंवा स्टीलचा तर मुळीच नको. ८०० वॅटला साधारण सव्वा ते दीड मिनिट. वरचा भाग किंचित ओलसर असतानाच काढा आणि मिनिटभर झाकून ठेवा. मध्ये अंडं पातळ दिसलं तर आणखी दहा-पंधरा सेकंद द्या, कच्चं ठेवू नका. त्याहून जास्त तापवलात तर प्रथिनं आवळतात, पाणी उडतं आणि केकचं रबर होतं.

एका मगमध्ये साधारण १४ ग्रॅम प्रथिनं मिळतात, त्यातली सहा अंड्याची. अंडं न खाणाऱ्यांनी अर्धा चमचा इसबगोल आणि थोडं जास्त पाणी घालावं. ग्लुटेन नसलेलं पीठ धरून ठेवायला काहीतरी लागतंच. प्रथिनं मग आठवर येतात आणि केक जरा गिच्च होतो. प्रथिनांची महागडी पावडर मी सुचवत नाही. तिच्यातलं व्हे दुधाचंच असतं, आणि लॅक्टोज न पचणाऱ्याला नेमकी तीच बाधू शकते. शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर कूट वगळा, त्याजागी भाजलेल्या तिळाचं घाला. तीळही सोसत नसतील तर नुसतं डाळवं पुरे.

गहू सोडण्याच्या उपचाराला आधार मिळाला तो असा: १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला आणि सिलिअॅकची मुलं उलट सुधारली. गव्हावर आधीपासून संशय असलेले डच बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांना त्यातून बळ मिळालं. तेव्हापासून गहू सोडणं हाच उपचार आहे. पण हल्ली पोट फुगलं की लोक आपल्याच मनाने गहू सोडतात आणि महिन्यांनी तपासणीला जातात. गहू पोटात जात नसेल तर रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. तेव्हा शंका असेल तर आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा, तपासणी होईपर्यंत पोळी खात राहा, आणि गहू सोडायचा तो निदान झाल्यावरच.