मासा, माशी आणि मामाचं पाकीट

मित्रांनो, मासा पकडायला काय लागतं? "गळ!" असं तुम्ही पटकन म्हणाल. कोकणातली मंडळी म्हणतील, "गरी, नाहीतर पाग!" मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या मे महिन्यात मी इंग्लंडला, विंचेस्टर गावी माझ्या ताईकडे गेलो, आणि पहिल्याच संध्याकाळी भाचेबुवांनी माझ्या हातात एक यादी ठेवली.

भाचेबुवांचं वय चौदा. त्यांना नुकताच 'फ्लाय फिशिंग'चा नाद लागलेला. फ्लाय म्हणजे माशी. माशीने मासा पकडायचा! ही माशी खरी नसते बरं का. बारीकशा आकडीला पिसं, लोकर, रेशमाचा दोरा गुंडाळून ती हुबेहूब किड्यासारखी बनवतात. ट्राउट मासा फसतो आणि वर येऊन तोंड मारतो.

यादीत पाच वस्तू होत्या. पंधरा खिशांचं जाकीट, १२० पौंड. रीळ, २१० पौंड. छोटं हातजाळं, ७० पौंड. दोरा कापायची कात्री, ४० पौंड. खास चष्मा, १२० पौंड. बेरीज ५६०! एक पौंड म्हणजे शंभराहून जास्त रुपये. गुणाकार तुम्हीच करा. मी केला आणि चहाचा कप खाली ठेवला.

"माझ्याकडे १४० आहेत," भाचेबुवा म्हणाले. वर्षभर शाळेआधी घरोघरी वर्तमानपत्रं टाकून त्यांनी ते साठवले होते. "आणि मामा, तू फोनवर म्हणाला होतास, मी जमवीन तेवढेच तू घालशील."

शब्द दिला होता खरा! म्हणजे हातात २८० पौंड आणि यादी त्याच्या बरोबर दुप्पट. "उरलेले उसने दे ना," असा पुढचा हप्ताही आला. मी म्हटलं, "आधी तुझी नदी तर दाखव."

विंचेस्टर हे लंडनहून रेल्वेने तासाभरावरचं जुनं गाव. आल्फ्रेड राजाच्या वेसेक्स राज्याची ही राजधानी. हातात तलवार उंच धरलेला त्याचा पुतळा आजही भर रस्त्यात उभा आहे. पुतळ्यापासून दोन मिनिटं चाललं की इचेन नदीचा पूल लागतो. पुलाला टेकून जुनी पाणचक्की. मी कठड्यावरून वाकून पाहिलं आणि थक्क झालो. पाणी की काच? तळाचा एकेक खडा मोजून घ्यावा! पाण्यातल्या हिरव्या गवताला बारीक पांढरी फुलं आली होती, आणि त्या गवताच्या सावलीत एक ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभा होता. नुसती शेपटी हलत होती.

हे पाणी इतकं नितळ कसं? आजूबाजूच्या टेकड्या चक्क खडूच्या आहेत. पाऊस पडला की पाणी खडूत मुरतं, गाळलं जातं आणि झऱ्यांच्या रूपाने सावकाश बाहेर येतं. म्हणून नदीला आपल्यासारखे लोंढे क्वचित येतात, आणि झऱ्याचं पाणी बाराही महिने साधारण दहा-अकरा अंशांवर राहतं. अशा खडूच्या नद्या जगात फार थोड्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक इंग्लंडमध्येच आहेत.

पण भाचेबुवांचं लक्ष नदीपेक्षा दुकानाकडे! शेवटी गेलोच. दुकान कसलं, संग्रहालयच ते. भिंतभर काठ्या, काचेच्या कपाटात दागिन्यांसारख्या मांडलेल्या रिळी. आठशे पौंडांची एक काठी मी हातात घेतली आणि हळूच परत ठेवली. भाचेबुवांनी जाकीट अंगावर चढवलं, आरशात पाहिलं. त्यांचा चेहरा असा काही फुलला की माझा हात आपोआप पाकिटाकडे गेला.

आणि तिथेच थांबला. मला माझी बॅट आठवली.

मी सातवीत होतो. साधी बॅट नको, इंग्लिश विलोचीच हवी, म्हणून मी आठ दिवस घरात तोंड फुगवून बसलो होतो. वडिलांनी त्या दिवाळीला स्वतःचे कपडे घेतले नाहीत, बॅट आणली. दुकानदाराने बजावलं होतं, तेल पाज, जुन्या चेंडूने हळूहळू ठोकून तयार कर, मगच खेळ. मला कुठला धीर? दुसऱ्याच दिवशी मैदानात गेलो, आणि चौथ्या दिवशी बॅट उभी चिरली. वडील एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

"उद्या घेऊ," मी म्हटलं. भाचेबुवांनी जाकीट काढलं. घरी येईपर्यंत आमच्यात बोलणं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईने आम्हाला तिथलं प्रचंड कॅथीड्रल बघायला पाठवलं. उजव्या अंगाच्या एका छोट्या दालनात आयझॅक वॉल्टन यांची समाधी आहे. मासेमारीवरचं जगातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध पुस्तक यांचं, १६५३ सालचं. १६८३ मध्ये नव्वदीत ते वारले. वरच्या खिडकीच्या रंगीत काचेत वॉल्टनआजोबा नदीकाठी पुस्तक वाचत बसलेले दिसतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या गळवाल्यांनी वर्गणी काढून १९१४ मध्ये ही खिडकी बसवली.

वॉल्टनच्याही आधी, १४९६ साली, गळाच्या मासेमारीवर एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं होतं. त्यात काठी, दोरी, आकडी सगळं घरी कसं बनवायचं ते दिलं आहे. झाडाची फांदी भट्टीत शेकून सरळ करायची, घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरी करायची, शिवणाची सुई तापवून वाकवायची की झाली आकडी! रीळ नाहीच. दोरी सरळ काठीच्या टोकाला बांधायची.

"बघ," मी भाचेबुवांना म्हटलं, "२१० पौंड वाचले!" भाचेबुवा हसले नाहीत.

पण त्याच कॅथीड्रलमध्ये आणखी एक छोटा पुतळा आहे, आणि त्याने माझीही बोलती बंद केली. हा पुतळा विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याचा. शंभरेक वर्षांपूर्वी कॅथीड्रलच्या भिंती खचू लागल्या. पाया मजबूत करायला खणलं, तर चर पाण्याने भरले. मग १९०६ ते १९११ अशी वर्षं हा माणूस पाणबुड्याचा पोशाख घालून सुमारे ६ मीटर खोल, गढूळ काळोखात उतरत होता. हातांनी चाचपत त्याने काँक्रीटच्या २५ हजारांहून जास्त पिशव्या पायाखाली रचल्या. पोशाख इतका जड, की मधल्या सुट्टीत तो नुसतं शिरस्त्राण काढून बसायचा.

"मामा," भाचेबुवा हळूच म्हणाले, "याने पोशाख स्वस्तातला घेतला असता तर?"

प्रश्न बिनतोड होता. स्वस्त ते चांगलं असंही नाही, महाग ते चांगलं असंही नाही. मग ठरवायचं कसं?

उत्तर मिळालं शेजारच्या आजोबांकडे. हे निवृत्त शिक्षक. गावाच्या वरच्या अंगाला, जिथे स्क्यूज नावाचे प्रसिद्ध वकील-गळवाले १८८३ ते १९३८ अशी पन्नासहून जास्त वर्षं मासे पकडत होते, त्याच बाजूला आजोबांचा मासेमारीचा परवाना आहे. भाचेबुवांना जुनी काठी दिली तीही यांनीच.

यादी वाचून आजोबा म्हणाले, "छान! पण मुख्य वस्तूच राहिली." मग त्यांनी कापसाचा एक बोळा भाचेबुवांच्या हातात दिला. "फेक, कुंपणापर्यंत."

फेकला. बोळा दोन हातांवर पडला.

"नकली माशीला कापसाएवढंच वजन असतं. मग ती वीस पावलं लांब जाते कशी?"

मित्रांनो, गंमत इथेच आहे. आपल्या साध्या गळाला शिसं बांधतात. वजन पुढे जातं आणि दोरीला ओढून नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं. वजन असतं दोरीतच! ही दोरी जाडसर, एका टोकाला निमुळती. चाबकासारखी मागे-पुढे केली की ती हवेत उलगडत जाते आणि टोकाची माशी अलगद पाण्यावर टेकते. म्हणजे सगळा खेळ दोरीचा. आणि आमच्या यादीत दोरीच नव्हती! काठीबरोबर आलेली जुनी दोरी तर जागोजागी तडकलेली होती.

मग आजोबा एकेक वस्तू घेत गेले. रीळ? इथल्या किलोभराच्या ट्राउटसाठी ती दोरी गुंडाळून ठेवायची डबी, एवढंच. समुद्रातला मोठा मासा दोरी ओढत सुसाट पळतो, तिथे चांगली रीळ लागते. कात्री? घरातलं नेलकटर. जाळं? रबरी जाळीचं घ्यावं, कारण खरखरीत जाळीने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो आणि सोडलेला मासा पुढे आजारी पडतो. पण रबरी जाळं वीस पौंडांतही मिळतं. चष्मा मात्र हवाच. पोलराइज्ड काचेने पाण्यावरची चकाकी जाते, मासा दिसतो. शिवाय आकडी हवेतून उलटी आली तर डोळा वाचतो. "पंधरा पौंडांचा चालेल. पण चष्म्याशिवाय माझ्याबरोबर यायचं नाही!" इथे आजोबा एकदम वर्गातले सर झाले.

"आणि जाकीट?" भाचेबुवांचा आवाज बारीक.

आजोबांनी जिन्याखालचं कपाट उघडलं. आत तीन जाकिटं, चार रिळी. "सगळं मीच घेतलेलं," ते म्हणाले. "मासे यांतल्या एकालाही ओळखत नाहीत." मग म्हणाले, "अर्थात स्क्यूजसाहेबांची लाडकी काठी अमेरिकेची होती. तिला ते जगातली सर्वांत चांगली काठी म्हणत. पण ती त्यांनी वर्षानुवर्षं वापरली, कपाटात नाही ठेवली."

तीन संध्याकाळी भाचेबुवांनी हिरवळीवर आकडीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव केला. त्याचा खर्च शून्य. दोरी कधी झुडपात, कधी त्यांच्याच कानाभोवती! चौथ्या दिवशी नदीवर गेलो. तिकडे तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना काठीचा सरकारी परवाना फुकट असतो, पण काढावा लागतोच. तो खिशात होता. आजोबांनी आकडीचा उलटा दात चिमट्याने दाबून टाकला होता, म्हणजे मासा सोडताना जखम मोठी होत नाही.

पहिला तास गेला झाडात अडकलेली माशी सोडवण्यात. मग एकदा दोरी सरळ उलगडली. माशी पाण्यावर टेकली, तरंगत निघाली. गवताखालची ती सावली हलली, वर आली, आणि... 'टुप्'! भाचेबुवांनी घाईघाईने काठी उचलली. एक क्षण लवकर. मासा गेला.

मला वाटलं, आता रडू येणार. पण भाचेबुवा कमरेत वाकून, नव्या चष्म्यातून पाण्याकडे बघत उभे. "मामा, त्याला ती खरी वाटली! माझी माशी त्याला खरी वाटली!"

त्या रात्री हिशेब झाला. नवी दोरी ४५ पौंड, चष्मा १५, रबरी जाळं २०. एकूण ८०. नेलकटर ताईचं, रीळ आजोबांच्या कपाटातली. भाचेबुवांच्या १४० पैकी ६० शिल्लक, आणि माझे अख्खे १४० पाकिटातच! ते मी दिले, कारण शब्द तो शब्द. "काय करायचं ते तू ठरव."

त्यांनी दोन दिवस विचार केला. सव्वाशे पौंड शिकवणीसाठी बाजूला ठेवले. आणि तीस पौंडांची एक लाकडी डबी घेतली, माश्या ठेवायची, झाकणावर ट्राउट कोरलेली. प्लॅस्टिकची डबी चार पौंडांना होती. मी काही बोललो नाही. हौसेला मोल नसतं! फक्त ती हौस आहे हे आपल्याला ठाऊक असावं, आणि पैसे आपल्या कष्टाचे असावेत.

तुम्ही नवी बॅट, बूट, रॅकेट मागाल तेव्हा एवढं करून पाहा. या खेळात 'दोरी' कुठली आणि 'रीळ' कुठली, ते आधी ओळखा. डोळ्याशी, जिवाशी गाठ असेल तिथे काटकसर नको. बाकीचं आधी उसनं आणून वापरा. महिनाभर वापरलंत आणि तरी हवंसं वाटलं, तर आईबाबांशी बोला. तोंड फुगवून नाही हं!

परवा भाचेबुवांचं पत्र आलं. पहिला ट्राउट मिळाला, वीतभर लांब. हात ओले करून धरला आणि सोडून दिला. पत्राबरोबर एक माशी होती, त्यांनी स्वतः बांधलेली. जरा वेडीवाकडी आहे. साहित्य लिहिलं होतं : कोंबडीचं पीस, ताईच्या स्वेटरची लोकर. किंमत : काही नाही.