वळवणवरचा काळा सुरय

जुलैत दुर्बीण घेऊन खंडाळ्याला जाणाऱ्याला लोक वेडा म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. काच पुसून डोळ्याला लावेपर्यंत पुन्हा धुरकटते. तरी मी वळवणच्या तलावावर जातो. वारा बोरघाटाच्या कड्यावर आदळत असतो, अन् समुद्र इथून सरळ रेषेत जेमतेम पन्नासेक किलोमीटर. भर दर्यातला एखादा सुरय त्या तडाख्यात घाट चढून आला तर?

तर ओळखायचा कसा, याची उजळणी पक्की आहे. आधी आपला नदी सुरय बाद करायचा. ढगापुढे तोही काळाच दिसतो. पण चोच पिवळी, पाठ राखी, आणि माशासाठी तो थेट पाण्यात सूर मारतो. मग उरतात दर्यातले दोघे सुरय, इंग्रजीत टर्न. सूटी टर्नची पाठ काळीभोर, टोपी कुठे संपली अन् पाठ कुठे सुरू झाली ते कळत नाही. कपाळावरचा पांढरा पट्टा रुंद, डोळ्यापाशी थांबणारा. ब्रायडल्ड टर्नची पाठ तपकिरी-राखी, टोपीहून फिकी. पट्टा अरुंद, डोळ्यामागे भुवईसारखा ओढलेला. सूटीचं पोर तर वेगळंच: गडद तपकिरी, पाठीवर पांढरे ठिपके.

पण धुक्यात भुवई कोण दाखवणार? म्हणून मी वागणुकीवर जास्त भिस्त ठेवतो. ब्रायडल्डला तरंगता ओंडका दिसला की तो त्यावर टेकतो. सूटी सहसा टेकत नाही. त्याची पिसं पाण्यात भिजतात. म्हणून पाण्यावर बसायची सोय नाही. घरट्यातून उडालेलं पिल्लू पुढची काही वर्षं हवेतच काढतं.

ब्रायडल्ड तसा आपल्याच मुलखातला. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर त्याची वीण होते. हुमायून अब्दुलालींनी १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिथल्या सुरयांवर लिहिलं. सूटीची वसाहत लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर. शेजारी म्हणून मन ब्रायडल्डकडे झुकतं, पण पत्ता ही काही ओळखीची खूण नव्हे.

आणि खरं सांगायचं तर मला असा सुरय दिसावा की दिसू नये, हेच ठरत नाही. निरोगी सूटी घाटमाथ्यावर येईल कशाला? पावसाळ्यात किनाऱ्यावर सापडणारे असे पक्षी बहुधा दमलेले, उपाशी असतात. भुवई शांतपणे न्याहाळता येईल असा सुरय म्हणजे उडायचं त्राण संपलेला सुरय. आपल्या यादीतली मोठी नोंद, अन् त्याची शेवटची संध्याकाळ.

असा पक्षी सापडला की भली माणसं त्याला तलावात सोडतात. पाणपक्षीच ना, असं म्हणून. तसं करू नये. कोरड्या खोक्यात, अंधारात ठेवून वनखात्याला फोन करावा. माझ्या गाडीत जुलैभर एक रिकामं खोकं असतं.