पहिलीतली हिंदी गेली, कातकरीचं काय?

गेल्या वर्षी पहिलीपासून हिंदी नको म्हणून आपण सगळे पेटून उठलो होतो. १६ एप्रिल २०२५ चा जीआर, मग १७ जूनचा सुधारित, आणि २९ जूनला दोन्ही रद्द. मीही त्या विरोधात लिहीत होतो, आजही मत तेच आहे. सहा वर्षांच्या पोराला आधी घरच्या भाषेत रुळू द्या, हा आपला मुद्दा होता.

मग मंडळी, हाच मुद्दा आपल्या मुळशीतल्या कातकरी पोरांना लावून बघा ना.

पौडच्या पुढे ताम्हिणीकडे जाताना ज्या वाड्या लागतात, तिथल्या पोरांच्या घरात कातकरी बोलतात. ही भाषा मराठीच्या जवळची आहे, आणि तिचं दुर्दैव नेमकं तेच. गोंडी ऐकली की कुणालाही कळतं, ही वेगळी भाषा. कातकरी ऐकली की आपण म्हणतो, अशुद्ध मराठी. एका शाळेत मी हे पाहिलंय. बाईंनी चित्रावर बोट ठेवून विचारलं, पोरगी घरच्या बोलीत धडाधड सांगायला लागली. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "नीट बोल." पुढच्या चित्राला पोरगी गप्प. शेऱ्यात काय गेलं असेल? "प्रगती कमी." त्यात दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले की शाळा सुटतेच.

बाईंना दोष देत नाही. त्यांना डीएडला कातकरी कुणी शिकवली?

कायद्यात सगळं आहे. घटनेतलं कलम ३५०क १९५६ पासून आहे. आरटीई कायदा म्हणतो, शक्य तितकं शिक्षण मातृभाषेत द्या. हे "शक्य तितकं" फार सोयीचं. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी शाळा काढली, तर शिक्षण विभागाने तिला अनधिकृत ठरवलं. कातकरी तर केंद्राच्या यादीत विशेष असुरक्षित जमात, राज्यातल्या तिघांपैकी एक (कोलाम आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन). त्यांच्यासाठी २०२३ ला पीएम-जनमन आली. घर, रस्ता, पाणी, वीज, मोबाईल टॉवर, सगळं आहे. भाषा नाही.

कातकरी माध्यमाची शाळा काढा असं मी म्हणत नाही. पोरांना मराठी यायलाच हवी, आणि हिंजवडीच्या कंपनीत जायचं तर इंग्रजीपण. पण पहिली-दुसरीत वाडीवरचीच एखादी शिकलेली पोरगी मदतनीस म्हणून बसवली, मानधन दिलं, तर किती खर्च येतो? आपल्या एका ग्रामपंचायतीच्या कमानीपेक्षा कमीच. पोरगं घरच्या बोलीत बोलेल, ती ते मराठीत आणून देईल, बाईही दोन शब्द शिकतील.

ठरावाचा मसुदा मी तयार केलाय. ग्रामसभेत मांडायला कोणते सदस्य तयार आहेत, त्यांनी फोन करा. वाडीवरच्या बारावी झालेल्या पोरींची नावं असतील तर तीही कळवा.