चिरंजीवांची बदली

सरकारी नोकराच्या मुलाला बदली ही ऋतूंइतकीच सवयीची असते. रेल्वेच्या सेवेतील माझ्या बदल्यांमुळे आमच्या चिरंजीवांनी सतरा वर्षांत गुवाहाटी, सिकंदराबाद, बिलासपूर आणि जबलपूर अशी चार गावे पाहिली. अनोळखी वर्गात शिरून तासाभरात मित्र जोडावेत ते त्यांनीच. मात्र आपला दुसरा मोजा कोठे आहे, हे त्यांना आजवर कधी सांगता आलेले नाही.

याचे कारण उघड आहे. बदलीच्या घरात सामान नेहमी दुसरेच कोणी बांधते. खोक्यांवर क्रमांक पडतात, ट्रक हलतो, आणि नव्या बंगल्यात मूल पाऊल टाकते तो त्याची पुस्तके फळीवर लागलेली असतात. वस्तू आपल्या पायांनी येतात-जातात, असा त्याचा समज झाला तर नवल ते काय?

यंदा पुण्याच्या एका महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि प्रथमच बदलीचा हुकूम चिरंजीवांच्या एकट्याच्या नावे निघाला. सौभाग्यवतींनी लाडू-चिवड्याची यादी केली. मी चार पाठांची केली.

पहिला पाठ कागदांचा. सारी प्रमाणपत्रे एका धारिकेत, त्यांच्या प्रती निराळ्या. मूळ गुणपत्रिका पडताळून विद्यार्थ्यास परत द्यावी, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम आहे. तो ठाऊक असलेला मुलगा खिडकीपाशी नम्र राहतो, दीनवाणा होत नाही.

दुसरा पैशाचा. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच दिली. पण खाते असणे निराळे आणि हिशेब असणे निराळे. मोबाइलवरून दिलेला पैसा जाताना हाताला कळत नाही. म्हणून दर रविवारी वहीत जमाखर्च लिहायचा.

तिसरा दुखण्याचा. जुलाब झाले तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. हे पाणी त्याने माझ्यासमोर करून, तोंड वाकडे करीत प्यायले.

चौथा प्रवासाचा. इटारसी, खंडवा, भुसावळ, मनमाड, दौंड हा मार्ग. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. आणि तक्ता लागल्यावरही प्रतीक्षायादीतच राहिलेले ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होते. रेल्वेवाल्याच्या मुलाने स्वतः तिकीट काढल्याचा तो पहिलाच दिवस होता.

पण सांगून शहाणपण येत नाही. म्हणून ट्रंक त्यानेच भरावी आणि मी हाताची घडी घालून खुर्चीवर बसावे, असे ठरले. दुपारी चारला सुरू झालेले काम रात्री नऊला संपले. झाकण बसेना म्हणून त्याने सारे सामान दोनदा उपसले. मदतीला धावणाऱ्या सौभाग्यवतींना थोपविणे हे माझ्या कारकीर्दीतील सर्वांत अवघड प्रशासकीय काम ठरले.

त्याच रात्री वसतिगृहाचा अर्ज भरताना तो 'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी थांबला.

"बाबा, येथे काय लिहू?"

आजोबांचे वाईचे घर कधीच विकले गेले. जबलपूरचा बंगला वर्षा-दोन वर्षांत दुसऱ्याचा होणार. मी काही सांगण्यापूर्वीच त्याने बंगल्याचा क्रमांक लिहिला आणि म्हणाला, "बदलला की मी त्यांना कळवीन."

कळवीन! आजवर आमच्यामागून सामानासारखा आलेला मुलगा प्रथमच आपल्या ठिकाणाची जबाबदारी स्वतःकडे घेत होता. पुण्यात त्याच्या वस्तू हरवतील, काही सापडतीलही. परमुलखात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना मुलांस द्यायला गाव नसते, वाडा नसतो. आपण कोठे आहोत हे त्यांना नीट सांगता यावे, एवढी शिदोरी देता आली तरी पुष्कळ झाले.