आतून बाहेर

सातवी-आठवीला बैजिक राशी शिकवायला घेतो तेव्हा सुरुवातीला मी फळ्यावर क्ष काढतच नाही. आधी नुसतं बोलायचं. ‘एका संख्येच्या वर्गाची तिप्पट’ आणि ‘एका संख्येच्या तिपटीचा वर्ग’. संख्या ५ घेतली की पहिल्याचं उत्तर ७५ येतं, दुसऱ्याचं २२५. शब्द तर तेच, मग फरक कुठून आला? यावर वर्गात जी वादावादी होते, तिच्यात निम्मं बीजगणित होऊन जातं.

मराठी वाक्य गाभ्यापासून निघतं आणि एकेक प्रत्यय लागत बाहेर येतं. आधी संख्या, मग तिच्यावर पहिली क्रिया, मग आलेल्या उत्तरावर दुसरी. ‘एका संख्येच्या दुपटीत ५ मिळवून येणाऱ्या बेरजेची तिप्पट’ हे ऐकताना हातानं ज्या क्रमानं काम करायचं त्याच क्रमानं शब्द येतात: क्ष, २क्ष, २क्ष + ५, ३(२क्ष + ५). कंस कुठे घालायचा हे ‘येणाऱ्या बेरजेची’ एवढ्यानं सांगून टाकलेलं असतं. सेमी-इंग्रजीच्या मुलांपुढे हेच वाक्य बाहेरून आत येतं. ‘थ्री टाइम्स’ आधी आणि संख्या सगळ्यांत शेवटी. त्यांना मी सांगतो, एकदा मराठीत म्हणून घ्या, मग लिहा.

वजाबाकीत सगळी भिस्त एका ‘ने’वर. ‘क्षपेक्षा ५ ने कमी’ म्हणजे क्ष − ५, ‘५ पेक्षा क्षने कमी’ म्हणजे ५ − क्ष. ‘ने’ गाळून ‘क्ष हा ५ पेक्षा कमी’ म्हटलं तर वजाबाकीच उरत नाही, क्ष < ५ होतं. काही गाइडांत शब्दांची यादीच दिलेली असते: ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘कमी’ दिसलं की वजाबाकी. त्या यादीवर माझा राग आहे. ती पाठ करणारी मुलं वाक्य वाचायचं सोडतात आणि त्यातले शब्द वेचत बसतात. सईकडे क्ष रुपये आहेत, ते समीरपेक्षा १० ने कमी आहेत. तर समीरकडे किती? ‘कमी’ समोर दिसतंय आणि करायची आहे बेरीज.

सगळ्यांत चिवट अडचण मात्र वेगळीच आहे. कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशी उभ्या करून धारोष्ण दूध काढून देतात, ते आमच्या पोरांच्या रोजच्या बघण्यातलं, म्हणून उदाहरणही म्हशींचंच. ‘म्हशी गायींच्या चौपट आहेत.’ म आणि ग ही अक्षरं वापरून समीकरण लिहा. लिहायला हवं म = ४ग, पण दरवर्षी कितीतरी वह्यांत ४म = ग असतं. विचारलं तर उत्तर तयार, ‘बरोबरच की ओ सर, एका गाईमागं चार म्हशी!’ असं म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गोठा उभा आहे आणि त्यानं तो जसाच्या तसा वहीत उतरवला आहे. म हे त्याच्या लेखी जनावराचं नाव आहे, जनावरांच्या संख्येचं नाही.

अमेरिकेत जॉन क्लेमंट यांनी १९८० च्या आसपास अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट’ असं वाक्य दिलं, तेव्हा तिघांत एकाहून जास्त जण चुकले, आणि बरेचसे असंच उलटं लिहून. इंग्रजीत सहा आणि विद्यार्थी शेजारी येतात म्हणून असं होतं, असं कुणाला वाटेल. पण मराठीत ‘चौपट’ गायींना चिकटलेलं असूनही मुलं उलटं लिहितात. म्हणजे मूळ शब्दांच्या क्रमात नाही, अक्षराला काय मानलं त्यात आहे. म्हणून वहीत नुसतं ‘म = म्हशी’ दिसलं की मी ते खोडायला लावतो. ‘म = म्हशींची संख्या’ असं पुरं लिहायचं. मग गायी १० धरायच्या, म्हशी किती ते तोंडी सांगायचं आणि दोन्ही आकडे आपल्याच समीकरणात घालून बघायचे.

अक्षर कशाला द्यायचं, यात भास्कराचार्यांचा हात धरणारा मला दिसलेला नाही. ११५० च्या सुमाराच्या त्यांच्या ‘बीजगणिता’त अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणतात, लिहिताना नुसतं ‘या’. त्यात एक उदाहरण आहे. पहिला म्हणतो, तू मला १०० दे, मग माझं धन तुझ्या दुप्पट होईल. दुसरा म्हणतो, तूच मला १० दे, मग माझं तुझ्या सहापट होईल. मुलं लगेच क्ष + १०० = २य लिहून मोकळी होतात. देणाऱ्याचे १०० गेले हे वेगळं कुठेच सांगितलेलं नाही, ते ‘दे’ या क्रियापदातच आलं. तिथं बेरीज आणि वजाबाकी एकदम होतात: क्ष + १०० = २(य − १००).

भास्कराचार्य हे एकाच अक्षरात मांडून दाखवतात. पहिल्याकडे २या − १००, दुसऱ्याकडे या + १०० असं ते धरतात. शंभर दिल्यावर दुसऱ्याकडे उरेल त्या रकमेलाच त्यांनी ‘या’ म्हटलं, त्यामुळे पहिली अट मांडणीतच पुरी झाली. राहिली दुसरी: या + ११० = ६(२या − ११०). या = ७०, म्हणून धन ४० आणि १७०. एवढं झालं की मी वर्गाला उलट बाजूनं करायला सांगतो. दहा दिल्यावर पहिल्याकडे उरेल त्याला ‘या’ म्हणा. पहिल्याकडे या + १०, दुसऱ्याकडे ६या − १०. आता या + ११० = २(६या − ११०). यावेळी या ३० येतो, ७० नाही, आणि मागचे बाक आधी ‘चुकलं, चुकलं’ म्हणून ओरडतात. मग कुणीतरी ३० मध्ये १० मिळवतं.