अब्बांची व्हीलचेअर

शूटिंगच्या दिवशी सकाळी मी अब्बांकडे त्यांची व्हीलचेअर मागितली. लिहितानाही संकोच वाटतो, पण मागितली.

लघुपट 12 मिनिटांचा, हातात 18 हजार रुपये आणि कॅमेरा म्हणजे मित्राचा फोन. गोष्ट एवढीच: मिरजेतला मुलगा नोकरीसाठी रात्रीच्या एसटीनं पुण्याला निघतो आणि बाप त्याला दारापर्यंत सोडायला येतो. दोघं चालत येणार आणि कॅमेरा त्यांच्यासमोर मागे-मागे सरकत जाणार. ट्रॉली आणि रूळ भाड्यानं आणणं परवडणारं नव्हतं. मालेगावात शेख नासिर यांनी सुपरमॅनचा सिनेमा करताना सायकलीची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन केली होती; फैजा अहमद खान यांच्या माहितीपटात ते सगळं बघायला मिळतं. आमच्या घरातला बोळ सायकल फिरेल एवढा रुंद नाही. व्हीलचेअर मात्र रोज फिरते.

अब्बांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. तस्वीर त्यांना पसंत नाही. भिंतीवर आजही कुणाचा फोटो नाही. सिनेमा तर दूरच. माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ले जा. मगरिब के पहले लाके दे."

आम्ही त्यांना उचलून खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, तोंड गल्लीकडे, आणि कामाला लागलो. मित्र व्हीलचेअरमध्ये बसला, मांडीवर उशी, उशीवर फोन. मी ती मागे ओढत होतो. उंबरठ्यावर प्लायचा तुकडा टाकला तरी धक्का बसायचाच. अंगणात एक मुलगा थर्माकोलच्या शीटवर ऊन घेऊन आत फेकत होता. ऊन सरकलं की तोही सरकायचा.

जोहरला एका मशिदीची अजान संपते तोवर दुसरीची सुरू झाली. आवाज घेणाऱ्यानं हेडफोन उतरवले, अम्मीनं चहा दिला. मी फोनवर आधीचे टेक बघत बसलो. अब्बा घरी नमाज व्हीलचेअरमध्येच पढतात, पश्चिमेला तोंड करून. आता ते पूर्वेकडे तोंड करून अडकले होते आणि अम्मीच्यानं ती खुर्ची वळली नसती. हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

संध्याकाळी थर्माकोलवाल्यानं सहज सांगितलं. आजोबांनी हाक मारली, म्हणाले, जरा पश्चिमेकडे वळव. सकाळपासून सूर्याच्या मागे फिरत होता, त्याला विचारावं लागलं नाही. नमाज होईपर्यंत तो थर्माकोल खाली ठेवून दाराशी उभा राहिला, मध्ये कुणी जाऊ नये म्हणून.

मगरिबच्या आधी व्हीलचेअर परत केली. अब्बांना काही बोलावं असं फार वाटलं, जमलं नाही.

रात्री एसटीचा शॉट घेतला, शेजाऱ्यांच्या उभ्या जीपमध्ये. एकजण बंपरखाली बांबू घालून हलवत होता, दोघं बॅटऱ्या घेऊन खिडकीजवळून धावत होते, काचेवर झारीनं पाऊस. अब्बा दारात येऊन बघत होते. बांबूवाला घसरून बसला तेव्हा त्यांना हसू आवरेना.

सगळे गेल्यावर त्यांनी फोन मागितला. बोळातला शॉट तीनदा पाहिला, फोन कानाशी धरून एकदा नुसता ऐकला.

"डावं चाक वाजतंय," म्हणाले. "तेल टाकून घ्यायचं होतं आधी."