पिशवीतला जुना सीटी

अब्बांच्या फुप्फुसातली गाठ कळली ती हर्नियाच्या ऑपरेशनच्या तयारीत. भूलतज्ज्ञांनी छातीचा एक्स-रे सांगितला, त्यात ठिपका दिसला, म्हणून सीटी स्कॅन झाला. रिपोर्टात होतं, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ९ मिलिमीटरची गाठ. धाकट्या भावाने मोबाईलवर शोधाशोध केली आणि रात्री मला फोन केला, "आपा, कॅन्सर आहे."

अब्बा अडुसष्ट वर्षांचे. कुवेतमध्ये ट्रक चालवायचे, सिगारेट तिथेच लागली, पुढे सुटली. त्यांच्यासमोर 'कॅन्सर' म्हणायचं नाही असं आम्ही ठरवलं. पण मगरिबनंतर त्यांनी मला हाक मारली, वही पुढे सरकवली आणि कुणाकुणाचं किती देणं आहे ते लिहून घ्यायला सांगितलं. मी लिहीत गेले. मान वर करायची हिंमत झाली नाही.

छातीच्या डॉक्टरांनी सीटी संगणकावर उघडला. अब्बांना ते 'चाचा' म्हणाले, त्यानेच थोडा जीव भांड्यात पडला. गाठीच्या कडा गुळगुळीत होत्या. काटेरी, चहूकडे किरणांसारख्या रेषा गेलेल्या कडा असत्या तर संशय वाढला असता. गाठीच्या मधोमध चुना साठलेला दिसला असता, किंवा सगळी गाठच चुन्याची असती, तर ती बरी झालेली जुनी जखम म्हणून बहुधा सोडून देता आली असती. तसंही नव्हतं. आपल्याकडे टीबीच्या अशा खुणा पुष्कळांच्या छातीत असतात, कित्येकांना टीबी होऊन गेल्याचं माहीतही नसतं.

"मग पेट स्कॅन करू या," भाऊ म्हणाला. डॉक्टर म्हणाले, करता येईल, पण टीबीची गाठही त्यात कॅन्सरसारखी चमकू शकते. बायोप्सीत सुई बरगड्यांमधून आत घालावी लागते, कधी फुप्फुसातून हवा गळते. मग त्यांनी विचारलं, "यापूर्वी कधी सीटी काढला होता का?"

आम्ही तिघांनीही नाही म्हटलं.

परतताना एसटीत मला आठवलं. एप्रिल २०२१. तेव्हा घरोघर एकच प्रश्न होता, स्कोअर पंचवीसपैकी किती? अब्बांचा आठ होता, अम्मीचा एकोणीस. अब्बा घरी आले. अम्मी आली नाही. दोघांचे कागद एकाच कापडी पिशवीत घालून कपाटावर ठेवले होते. त्या पिशवीला नंतर कुणी हात लावला नाही, म्हणून आमचं 'नाही' तसं खोटंही नव्हतं.

पिशवी अब्बांनीच उतरवली. आपल्या लिफाफ्यातली सीडी मला दिली आणि अम्मीचा लिफाफा मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले.

डॉक्टरांनी दोन्ही सीटी शेजारी शेजारी लावले आणि एकाच पातळीचे काप शोधले. गाठ २०२१ मध्येही होती. त्याच जागी, तेवढीच. तेव्हाच्या रिपोर्टात तिचा उल्लेख नव्हता. त्या दिवसांत एकामागून एक सीटी निघत होते, मला त्याचा राग येत नाही.

डॉक्टरांनी सांगितलेला हिशेब मी घरी येऊन पुन्हा मांडून पाहिला. ९ मिलिमीटरची गाठ सव्वाअकरा मिलिमीटरच्या आसपास गेली की तिचं घनफळ दुप्पट होतं. वाढ जेमतेम सव्वादोन मिलिमीटर, साध्या नजरेला दिसणारही नाही. कॅन्सरच्या घट्ट गाठी बहुतेक वेळा महिन्याभरापासून साधारण ४०० दिवसांच्या आत दुप्पट होतात. म्हणून घट्ट गाठ दोन वर्षं जशीच्या तशी राहिली तर ती बहुधा साधी समजतात. धुरकट काचेसारख्या पुसट गाठींना हा नियम लागत नाही. त्या फार सावकाश वाढतात, त्यांच्यावर अनेक वर्षं लक्ष ठेवावं लागतं. अब्बांची घट्ट होती. म्हणजे एकट्या नव्या सीटीवरून जे ठरत नव्हतं, ते जुन्याशेजारी ठेवल्यावर पाच मिनिटांत उलगडलं. सुई टळली. अल्हम्दुलिल्लाह.

भावाने आता घरातल्या सगळ्यांच्या सीडी एका डब्यात ठेवल्या आहेत, वर नाव आणि तारीख लिहून. नुसती फिल्म असली तर मोजमाप नीट होत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

हर्नियाचं ऑपरेशन महिन्याभरात झालं. देण्याची वही मात्र अब्बांनी परत ठेवली नाही. दोघांचे पैसे दिले, तिसऱ्याचा पत्ता शोधताहेत. अम्मीचा लिफाफा त्यांच्या उशाशी असतो.